चवथ, थँक्सगिव्हिंग आणि एक घर : अमेरिकेतील मिश्र कुटुंबांचे सणवार

लग्न ठरताना आपल्याकडे घराणे, शिक्षण, नोकरी यांची कसून चौकशी होते. लग्नानंतर घरात कोणता सण कसा साजरा होणार, हे मात्र कुणी विचारत नाही, कारण त्याचे उत्तर सर्वांनी गृहीत धरलेले असते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलाने वा मुलीने तिथल्याच जोडीदाराशी विवाह केला की हे गृहीत उरत नाही. गणपती किती दिवसांचा, नाताळाचे झाड आणायचे की नाही, नोव्हेंबरातल्या मेजवानीत टर्की शिजणार का आणि शिजली तर घरातल्या शाकाहारी माणसाचे काय, असा प्रत्येक प्रश्न नव्याने सोडवावा लागतो. इकडे गोव्यात वा बेळगावात बसलेल्या आजी-आजोबांच्या मनात या साऱ्यांच्या तळाशी एकच शंका असते : नातवंडांना आपला सण आपला वाटेल का?

ही शंका आता मोजक्या घरांपुरती राहिलेली नाही. अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेत केवळ ‘भारतीय’ अशी ओळख नोंदवणाऱ्यांची संख्या सुमारे ४४ लाख होती. भारतीय असण्याबरोबर आणखी एखादी वांशिक ओळख सांगणारे धरले तर ती सुमारे ४७ लाख ७० हजारांवर जाते. या दोन आकड्यांमधल्या फरकात मिश्र कुटुंबांतील मुलांचा मोठा वाटा आहे. ज्या देशात वेगवेगळ्या वंशांच्या स्त्री-पुरुषांच्या विवाहावर अनेक राज्यांत कायद्याने बंदी होती आणि ती सर्वोच्च न्यायालयाने ‘लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया’ या खटल्यात १९६७ साली उठवली, त्या देशात नवविवाहितांमधील अशा जोडप्यांचे प्रमाण तेव्हाच्या सुमारे ३ टक्क्यांवरून २०१५ पर्यंत १७ टक्क्यांवर पोहोचले, असे प्यू संशोधन केंद्राची आकडेवारी सांगते. आशियाई वंशाच्या नवविवाहितांमध्ये ते २९ टक्के होते.

दोन कालगणना

अशा घराची पहिली अडचण श्रद्धेची नसून तारखेची असते. नाताळ २५ डिसेंबरला येतो, हॅलोविन ३१ ऑक्टोबरला. थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी. दिवाळी मात्र दरवर्षी सरकते. लक्ष्मीपूजन २०२२ मध्ये २४ ऑक्टोबरला, २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला, तर २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला आले. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते आणि साधारण ३२ महिन्यांनी येणारा अधिकमास ती तूट भरून काढतो. हा हिशेब परक्या माणसाला गूढ वाटण्याचे कारण नाही. ईस्टरही पौर्णिमेवर अवलंबून असतो आणि ईस्टरच्या मागे कार्निव्हल फिरतो, हे गोमंतकीयांना सांगायला नको; आपल्याकडे शिगमो आणि कार्निव्हल दोन्ही दरवर्षी जागा बदलतात. ज्यूंचे पंचांगही चांद्र-सौर असून त्यात १९ वर्षांत ७ अधिकमास येतात. ख्रिस्ती किंवा ज्यू सासरी दिवाळीची तारीख समजावताना ईस्टर अथवा हनुकाचा दाखला दिला, तर चर्चा लवकर संपते.

दुसरा घोळ कालविभागाचा. तिथी आकाशात एकाच क्षणी बदलते. घड्याळे मात्र वेगवेगळी असतात. ऑक्टोबरात न्यूयॉर्क भारताच्या साडेनऊ तास मागे असते. सण ठरतो तो स्थानिक सूर्योदय वा सूर्यास्ताच्या वेळी असलेल्या तिथीवरून. म्हणून २०२५ मध्ये महाराष्ट्रातील पंचांगांनी लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला दिले असताना न्यूयॉर्कमध्ये दिवाळी २० ऑक्टोबरला झाली. ‘तुम्ही एक दिवस आधीच कशी काय केलीत?’ असा प्रश्न दूरध्वनीवर विचारण्यापूर्वी हे ध्यानात घेतलेले बरे.

तिसरी अडचण सुट्टीची. अमेरिकेत दिवाळीला संघराज्याची सुट्टी नाही. परंतु न्यूयॉर्क राज्याने २०२३ मध्ये कायदा केल्यामुळे न्यूयॉर्क शहरातील सरकारी शाळा १ नोव्हेंबर २०२४ रोजी प्रथमच दिवाळीनिमित्त बंद राहिल्या. पेनसिल्व्हेनियाने २०२४ मध्ये दिवाळीला अधिकृत मान्यता दिली आणि कॅलिफोर्नियाने २०२५ च्या ऑक्टोबरात कायदा करून तिला राज्याच्या सुट्ट्यांच्या यादीत स्थान दिले. या निर्णयांचे मोल शाळकरी मुलाला अधिक कळते. ‘आज मी का आलो नाही’ हे वर्गात समजावण्याचे त्याचे ओझे त्या एका सुट्टीने उतरते. गणेशचतुर्थीला मात्र असा आधार नाही. ती बहुधा शाळेचे नवे वर्ष सुरू होण्याच्या गडबडीत येते. त्यामुळे घरची पूजा तिथीला आणि मराठी मंडळाचा उत्सव त्यानंतरच्या शनिवारी-रविवारी भाड्याच्या सभागृहात, अशी दुहेरी पद्धत तिथे रुळली आहे. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाशी संलग्न असलेल्या मंडळांमुळे ढोल-ताशा आणि पन्नास माणसांची आरती मुलांना अनुभवता येते. पण मुलाची गणपतीशी ओळख व्हायची ती घरातल्याच पाटावरच्या मूर्तीपाशी.

दिसण्यातले साम्य आणि कार्यातले साम्य

दिवाळी म्हणजे ‘भारतीय नाताळ’ अशी सोपी ओळख अमेरिकेत अनेकदा करून दिली जाते. दोन्हीकडे रोषणाई, गोडधोड, भेटवस्तू. तेव्हा तुलना सुचणे स्वाभाविक आहे. मात्र अशी तुलना मुलाला काहीच सांगत नाही, उलट दिवाळीला नाताळाची दुय्यम आवृत्ती ठरवते. सण कसा दिसतो यापेक्षा तो कुटुंबासाठी काय करतो, हे पाहिले की जोड्या वेगळ्याच लागतात.

थँक्सगिव्हिंग घ्या. १६२१ मध्ये प्लिमथ येथे इंग्रज वसाहतकारांनी आणि तिथल्या वाम्पानोआग लोकांनी सुगीनंतर एकत्र केलेल्या भोजनाशी त्याचा संबंध जोडला जातो. अध्यक्ष लिंकन यांनी १८६३ मध्ये तो राष्ट्रीय दिवस म्हणून जाहीर केला आणि १९४१ च्या कायद्याने त्याचा चौथा गुरुवार पक्का झाला. याच दिवशी प्लिमथमध्ये १९७० पासून मूळ अमेरिकन लोक शोकदिन पाळतात, हीही त्याची दुसरी बाजू. या सणाला पुरोहित लागत नाही, देवळात वा चर्चमध्ये जावे लागत नाही. नव्या पिकाचे अन्न समोर ठेवून कृतज्ञता व्यक्त करायची आणि त्यासाठी देशाच्या कुठल्याही कोपऱ्यातून आईवडिलांच्या घरी जायचे, एवढेच त्याचे विधी.

गोमंतकीय वाचकाला हे वर्णन ओळखीचे वाटेल, कारण ते चवथीचे वर्णन आहे. चवथीला आपण मूळ घरी जातो. एरवी कुलूप असलेले घर त्या दिवसांत माणसांनी भरते. गणपतीवर बांधलेल्या माटोळीत नारळ, सुपाऱ्यांचे घोस आणि पावसाळ्यातली रानफळे लटकतात, ती सुगीचीच नोंद असते. गोव्यातील ख्रिस्ती बांधवही ऑगस्टमध्ये ‘कणसांचे फेस्त’ करून भाताची पहिली कणसे चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेतात. धर्म वेगळा असला तरी ‘नवे’ घरात आणण्याचा भाव एकच. म्हणून एखाद्या अमेरिकन सासूला चवथ समजावून सांगायची असेल, तर ‘हत्तीचे मस्तक असलेल्या देवाची पूजा’ इथून सुरुवात करण्यापेक्षा ‘आमचा मूळ घरी परतण्याचा सण’ इथून केलेली बरी. देवाची कथा मग ती स्वतःहून विचारते.

या जोडीचा व्यावहारिक लाभही आहे. भोपळा दोन्ही स्वयंपाकघरांत चालतो. त्यांच्याकडे त्याचा गोड पाय होतो, आपल्याकडे घारगे. थँक्सगिव्हिंगच्या टेबलावर रताळी, मका आणि बटाटे मुळातच असतात, त्यामुळे शाकाहारी माणसाचे पान रिकामे राहत नाही. टर्की मधोमध असली तरी तिच्याभोवतीचे जेवण सर्वांचे असते. शाकाहारी आजीसाठी वेगळे भांडे आणि वेगळा डाव ठेवण्याइतके सौजन्य यजमानांनी दाखवले आणि टर्कीकडे पाहून तोंड न फिरवण्याइतके पाहुण्यांनी, तर पुढचे सारे सोपे होते.

हॅलोविनचेही असेच. १ नोव्हेंबरच्या ‘सर्व संतांच्या दिवसा’ची ही पूर्वसंध्या. आयर्लंड-स्कॉटलंडमधील स्थलांतरितांनी एकोणिसाव्या शतकात ती अमेरिकेत रुजवली. २०२४ मध्ये नरकचतुर्दशी आणि हॅलोविन एकाच तारखेला, ३१ ऑक्टोबरला आले. गोव्यात पहाटे नरकासुराच्या प्रतिमा जळाल्या आणि त्याच तारखेला अमेरिकेत मुले भुताखेतांचे वेश घालून दारोदार फिरली. भीतीला रूप देऊन तिची गंमत करणे हे दोन्हीकडचे समान सूत्र आहे. परंतु नरकासुराला शेवटी जाळायचे असते, पायाखाली कारीट फोडायचे असते आणि मग अभ्यंगस्नान करून फोवांचा फराळ करायचा असतो. हॅलोविनला शेवट नसतो, दिवाळीच्या पहाटेला असतो. पुठ्ठ्याचा लहानसा नरकासुर करून अंगणात त्याचा शेवट करणाऱ्या मुलाला हा फरक व्याख्यानाविना कळतो.

उपस्थिती वेगळी, उपासना वेगळी

काही ठिकाणी साम्य शोधून भागत नाही. कॅथलिक मिस्सेत बसणे आणि कम्युनियन घेणे यांत अंतर आहे. पहिली गोष्ट कुणीही आदराने करू शकतो, दुसरी त्या धर्मात दीक्षित असलेल्यांसाठीच असते. त्याचप्रमाणे एखाद्या निष्ठावान ख्रिस्ती नातलगाला आरतीच्या वेळी उभे राहण्यात आनंद वाटेल, पण नैवेद्य दाखवलेला प्रसाद घेताना संकोच वाटेल. हा संकोच अपमान नव्हे. त्याला आग्रह न करता बाजूला मांडलेल्या फराळाचे ताट पुढे करावे.

या बाबतीत गोवा आधीच पुष्कळ शिकलेला आहे. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला हिंदू भाविक तेल वाहतात आणि शिरगावची लईराई तिची बहीण मानली जाते. तरी कुणी कुणाचा धर्म सोडत नाही. नाताळात शेजारून दोदोल, बिबिंका आणि नेवऱ्यांचे ताट येते, चवथीला आपल्याकडचे जाते. ताट देवघेवीचे असते, देवघर ज्याचे त्याचे. अमेरिकेतील मिश्र कुटुंबाचा पेच एवढाच की तिथे दोन्ही घरे एकाच छताखाली असतात आणि शेजाऱ्याचे ताट आपल्याच ओट्यावर तयार होते.

हा पेच तिथे आधी ज्यू-ख्रिस्ती कुटुंबांनी अनुभवला. डिसेंबरात हनुका आणि नाताळ जवळ आले की झाड आणायचे की नाही, यावरून होणाऱ्या ताणाला तिथे ‘डिसेंबरचा पेच’ असे नावच पडले आहे. प्यू केंद्राच्या २०१३ च्या पाहणीत ३२ टक्के अमेरिकन ज्यूंनी आदल्या वर्षी घरी नाताळाचे झाड होते असे सांगितले; जोडीदार ज्यू नसलेल्यांमध्ये हे प्रमाण ७१ टक्के होते. झाड आणणाऱ्या या सर्वांनी ख्रिस्ताचा देव म्हणून स्वीकार केला, असे कुणी म्हणणार नाही. पण झाडाला काहीच अर्थ नाही, असे म्हणणेही ज्या जोडीदाराच्या बालपणाशी ते बांधलेले आहे त्याच्यावर अन्याय करणारे ठरेल. कोणती गोष्ट आपल्यासाठी श्रद्धेची, कोणती आठवणीची आणि कोणती निव्वळ सजावटीची, हे दोघांनी डिसेंबर उजाडण्यापूर्वी एकमेकांना मोकळेपणाने सांगणे, हाच त्यावर उपाय आहे. बहुतेक भांडणे होतात ती एकाची आठवण दुसऱ्याला सजावट वाटल्यामुळे.

सण पुढे कोण नेतो?

मिश्र घरातला सण पुढच्या पिढीत का जातो किंवा का जात नाही, याचे एक उदाहरण अमेरिकेच्याच इतिहासात आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी पंजाबातून कॅलिफोर्नियात शेतीसाठी गेलेल्या पुरुषांना मायदेशातून पत्नी आणणे कायद्यांमुळे जवळजवळ अशक्य झाले. त्यांपैकी अनेकांनी मेक्सिकन वंशाच्या स्त्रियांशी लग्ने केली. इंपीरियल व्हॅलीत आणि युबा सिटीच्या परिसरात अशी शेकडो कुटुंबे उभी राहिली. मानववंशशास्त्रज्ञ कॅरन लेनर्ड यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांचा सविस्तर अभ्यास मांडला आहे. या घरांत रोटी आणि टॉर्टिया शेजारी नांदल्या. वडिलांचे आडनाव ‘सिंग’ राहिले, मुलांना पंजाबी जेवण आवडले आणि वडिलांच्या वारशाचा त्यांना अभिमानही होता. मात्र बहुतेक मुले कॅथलिक म्हणून वाढली आणि स्पॅनिश-इंग्रजी बोलू लागली. वडील दिवसभर शेतात. घर, भाषा, बाप्तिस्म्याच्या वेळी जोडले जाणारे धर्ममाता-धर्मपित्याचे नाते आणि वर्षाचे सण आईच्या हाती. वडिलांचा सण कुणी नाकारला नव्हता. घरात तो चालवणारे हात नव्हते, एवढेच.

याउलट उदाहरण अंतराळवीर सुनीता विल्यम्स यांचे. वडील डॉ. दीपक पंड्या गुजरातचे, आई बॉनी स्लोव्हेनियन वंशाच्या. २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर जाताना सुनीता यांनी गणपतीची मूर्ती आणि भगवद्गीता सोबत नेली होती. आईच्या मूळ देशाशी असलेले नातेही त्या अभिमानाने सांगतात. २०२४ च्या दिवाळीत स्थानकावरून पाठवलेल्या शुभेच्छांमध्ये, दिवाळी आणि इतर भारतीय सणांची शिकवण देऊन वडिलांनी आपली सांस्कृतिक मुळे जपली व वाटली, असे त्यांनी आवर्जून सांगितले. येथेही भारतीय पालक वडीलच होते. ते सण स्वतः शिकवत राहिले, हा फरक निर्णायक ठरला.

मिश्र कुटुंबात ‘हा आईचा सण’, ‘तो बाबांचा सण’ अशी वाटणी झाली की तो सण त्या व्यक्तीच्या उत्साहावर तगतो. ती आजारी पडली, कामानिमित्त दूर गेली किंवा थकली की सण बंद. म्हणून अमेरिकन जोडीदाराने चकलीचा सोऱ्या फिरवणे आणि मराठी जोडीदाराने नाताळाची कुकी भाजायला शिकणे यांत कौतुकापलीकडचा अर्थ आहे. ज्या मुलाने दोन्ही पालकांना एकाच पाटावर करंज्या भरताना पाहिले, त्याला तो पदार्थ ‘अर्ध्या घराचा’ वाटत नाही.

थोडे, पण पूर्ण

दोन्ही बाजूंचे सगळे सण करू म्हटले तर ऑगस्टपासून जानेवारीपर्यंत घराला उसंत मिळत नाही. नोकरी करणाऱ्या जोडप्याला ते पेलत नाही आणि मग प्रत्येक सणाचे नुसते छायाचित्र उरते. त्यापेक्षा दोन्हीकडचे दोन-तीन सण निवडून ते अखंड करणे श्रेयस्कर. अखंड म्हणजे थाटात नव्हे. तयारी, मुख्य कृती आणि सांगता या तिन्ही गोष्टी घरात झाल्या पाहिजेत. गणपती बसवायचा तर मुलांनी मखर करावे, आरतीत झांज वाजवावी आणि शाडूच्या मूर्तीचे अंगणातल्या टबात विसर्जन होऊन ती माती विरघळताना पाहावी. दिवाळीत लाकडी घर आणि धूर लागताच ओरडणारे यंत्र लक्षात घेऊन पणत्या ओसरीवर लावाव्यात. फटाक्यांवर अनेक राज्यांत व शहरांत निर्बंध आहेत. त्यांच्यावाचून दिवाळीचे फारसे बिघडत नाही. आकाशकंदील मात्र लावावा, तोही घरी केलेला. भाऊबीजेला सख्खा भाऊ नसेल तर अमेरिकन मामेभावाला ओवाळावे. कपाळी कुंकू लावून घेऊन ताटात ओवाळणी टाकणारा तो मुलगा त्या दिवशी कुटुंबाचा नुसता पाहुणा राहत नाही.

इकडच्या आजी-आजोबांचे कामही यात आहे. दूरध्वनीवर ‘केलं का?’ एवढेच विचारले तर परीक्षा घेतल्यासारखे होते. त्याऐवजी नारळाच्या रसातले फोव कसे करायचे, हे समोर करून दाखवावे. आपल्या लहानपणी नरकासुर कुठे उभा राहायचा, माटोळीसाठी रानात कोण जायचे, ते सांगावे. आणि नाताळच्या दिवशी तिकडच्या विहिणीला आठवणीने फोन करावा. नात दोन्ही आज्यांची आहे. एका आजीने दुसरीच्या सणाला मान दिला, हे ती पाहत असते.

नातवंडांची दिवाळी आपल्यासारखी असणार नाही. गोव्यातली दिवाळी पुण्यातल्या दिवाळीसारखी कुठे असते? इकडे फोव, तिकडे चिवडा-लाडू; इकडे नरकासुर, तिकडे किल्ले. सण गावोगावी आपले रूप बदलत आला आणि तरीही ओळखू येत राहिला, कारण प्रत्येक गावात तो स्वतःच्या हातांनी करणारी घरे होती. ओहायोतल्या किंवा टेक्सासमधल्या एखाद्या घरात पहाटे उटण्याचा वास आला आणि डिसेंबरात त्याच खिडकीत नाताळाचा तारा लागला, तर आपल्या सणाने आणखी एका गावी बिऱ्हाड केले, असे समजावे.